बॉयकॉट : एका कारभाऱ्याचं आडनाव

‘बॉयकॉट’ हे मुळात एक आडनाव, आणि ज्याचं ते होतं त्याने बहिष्कार घातला नव्हता, तो त्याच्यावर पडला होता. चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्नचा कारभारी होता. १८८० साली मालकाने खंडात १० टक्के सूट देऊ केली. कुळं २५ टक्के मागत होती. सप्टेंबरात जमिनीवरून हुसकावण्याच्या नोटिसा निघाल्या आणि गडी, लोहार, धोबीण, कुणीच त्याच्याकडे फिरकेना. दुकानदार माल देईनात. अखेर पीक काढायला बाहेरून ५० माणसं आली आणि त्यांच्या रक्षणाला जवळपास हजार सैनिक. सुमारे ५०० पौंडांच्या पिकापायी १०,००० पौंड गेले, असा हिशेब तेव्हा मांडला गेला. चार आण्याच्या कोंबडीला पाच रुपयांचा मसाला!

या बहिष्काराचं श्रेय आयरिश नेता पार्नेलच्या एनिसमधल्या भाषणाला देतात. पण त्याचा रोख हुसकावलेल्या कुळाची जमीन घेणाऱ्या शेतकऱ्यावर होता. मेयोच्या लोकांनी तेच हत्यार वरच्या दिशेने वळवलं. जेम्स रेडपाथ या अमेरिकी पत्रकाराच्या सांगण्यानुसार, नवा शब्द सुचवला तो फादर जॉन ओ’मॅली यांनी, कारण ‘ऑस्ट्रासिझम’ शेतकऱ्यांच्या जिभेला झेपला नसता. माझ्या मते, नुसत्या सोपेपणावर शब्द एवढा टिकत नाही. ‘ऑस्ट्रासिझम’ ही मूळची अथेन्सची प्रथा; तिथे खापरांवर नाव कोरून नागरिक एखाद्याला दहा वर्षं शहराबाहेर घालवत. मेयोत माणूस घरातच राहिला, भोवतालचे लोक बाजूला झाले. गोष्टच निराळी होती, म्हणून शब्दही निराळा लागला.

कुणी म्हणेल, वाळीत टाकणं आपल्याकडे जुनंच आहे. आहे, पण तिथे जातीचे पंच एका घराचं येणंजाणं तोडतात. जोर त्यांच्याकडे असतो. मेयोच्या कुळांकडे रोखून धरायला स्वतःच्या श्रमांपलीकडे फारसं काही नव्हतं. सगळे गडी राजीखुशीने गेले असंही नाही. काहींना दमदाटी झाली होती, आणि तेवढ्यापुरतं मेयोही आपल्या पंचांच्या जवळ जातं. तरी दिशेचा फरक उरतोच. टिळकांच्या चतुःसूत्रीतला बहिष्कार मेयोच्या वळणाचा, सत्तेकडे रोखलेला. पंचांचा बहिष्कार रोखायला महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला, तेव्हा मात्र त्याच्या इंग्रजी नावातही नुसतं ‘बॉयकॉट’ पुरलं नाही, मागे ‘सोशल’ जोडावं लागलं.