एम्मानुइल रोइडिस : एकोणिसाव्या शतकातील ग्रीक लेखक व स्तंभकार

प्रस्तावना

1830 साली ग्रीसला स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान्यता मिळाली. त्यानंतरच्या काळात राज्यसंस्था, चर्च व भाषा या तिन्ही क्षेत्रांत नव्या राष्ट्राची घडण सुरू होती. या तिन्ही क्षेत्रांतील अधिकारसत्तांना उपरोधाच्या माध्यमातून प्रश्न विचारणारा लेखक म्हणून एम्मानुइल रोइडिस (1836-1904) यांचा उल्लेख करावा लागतो. प्रस्तुत लेखात त्यांचे जीवन, वृत्तपत्रीय लेखन आणि त्यातील अंतर्विरोध यांचा आढावा घेतला आहे.

जडणघडण

रोइडिस यांचा जन्म सिरोस बेटावरील एर्मूपोली या बंदरात झाला. घराणे मूळचे खिओस बेटावरील सधन व्यापाऱ्यांचे. 1822 मधील खिओसच्या हत्याकांडानंतर तेथील अनेक कुटुंबे परागंदा झाली व त्यांपैकी कित्येकांनी सिरोसवर आश्रय घेतला. रोइडिस यांचे बालपण इटलीतील जिनोआ शहरात गेले. पुढे एर्मूपोलीतील शाळेत असताना सहाध्यायी दिमित्रिओस विकेलास यांच्यासमवेत त्यांनी एक हस्तलिखित साप्ताहिक चालविले. 1855 मध्ये ते शिक्षणासाठी बर्लिनला गेले. मात्र श्रवणदोषाने त्यांना जन्मभर त्रास दिला. रुमानियातील व्यापारी कचेरीत काम करीत असताना त्यांनी शातोब्रियाँ यांच्या प्रवासग्रंथाचा अनुवाद केला. तो 1860 मध्ये अथेन्सला प्रसिद्ध झाला आणि लेखन हेच त्यांचे जीवनकार्य ठरले.

चर्चशी संघर्ष

1866 मध्ये त्यांची ‘पोप जोन’ ही कादंबरी प्रकाशित झाली. पुरुषवेषात पोपपदापर्यंत पोहोचलेल्या स्त्रीची मध्ययुगीन दंतकथा हा तिचा विषय होय. वरकरणी रोख रोमच्या चर्चवर असला, तरी अज्ञान व दांभिकता यांवरील प्रहार आपल्यालाही लागू पडतो, हे ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्माधिकाऱ्यांच्या ध्यानात आले. पवित्र सिनॉडने त्याच वर्षी या ग्रंथाचा निषेध केला. रोइडिस यांनी माघार न घेता एका सामान्य गावकऱ्याच्या नावाने वृत्तपत्रात पत्रे लिहून सिनॉडला उत्तर दिले. टोपणनावाने, सामान्य माणसाच्या मुखातून सत्तेला प्रश्न विचारण्याची ही पद्धत पुढे त्यांच्या वृत्तपत्रीय लेखनाचे वैशिष्ट्य बनली. या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद लॉरेन्स डरेल यांनी 1954 मध्ये प्रसिद्ध केला.

राजकीय स्तंभलेखन

1873 मध्ये लाव्रिओ खाण कंपनीच्या समभागांचे भाव कोसळले. त्यात रोइडिस यांच्या संपत्तीचा मोठा भाग नष्ट झाला. 1874 मध्ये खारिलाओस त्रिकूपिस यांनी राजाच्या मर्जीने अल्पमतातील मंत्रिमंडळे नेमण्याच्या प्रथेवर वृत्तपत्रातून कठोर टीका केली. या पार्श्वभूमीवर 1875 मध्ये रोइडिस यांनी व्यंगचित्रकार थेमोस अन्निनोस यांच्यासह ‘अस्मोदेओस’ हे उपरोधिक साप्ताहिक सुरू केले. राजकीय पक्ष म्हणजे सरकारी नोकऱ्यांच्या आशेने पुढाऱ्याभोवती जमलेला समूह, अशा आशयाची त्यांची टीका विशेष गाजली. राजकारणात त्यांनी त्रिकूपिस यांचे समर्थन व देलियानिस यांचा विरोध केला.

येथेच त्यांच्या जीवनातील मोठा अंतर्विरोध दिसतो. त्रिकूपिस यांच्या सत्ताकाळात त्यांची राष्ट्रीय ग्रंथालयाच्या प्रमुखपदी नेमणूक झाली. देलियानिस सत्तेवर आले की ते पद जात असे. ज्या आश्रयपद्धतीची त्यांनी खिल्ली उडविली, तिच्यावरच त्यांची उपजीविका अवलंबून राहिली. ही केवळ व्यक्तिगत विसंगती नव्हे. लेखणीवर निर्वाह होणे दुरापास्त असलेल्या समाजात स्वतंत्र टीकाकारासमोर उभा राहणारा हा प्रश्न होता.

भाषाविषयक भूमिका

तत्कालीन शिष्ट लेखन ‘काथारेवूसा’ या संस्कारित भाषेत होत असे. ‘दिमोतिकी’ ही बोलभाषा साहित्यात कमी प्रतीची मानली जाई. 1893 च्या ‘मूर्ती’ या अर्थाच्या शीर्षकाच्या ग्रंथात रोइडिस यांनी बोलभाषा दरिद्री असल्याचा समज साधार खोडून काढला. मात्र हा ग्रंथ त्यांनी काथारेवूसामध्येच लिहिला. विद्वानांना त्यांच्याच भाषेत उत्तर दिल्यामुळे या युक्तिवादास अधिक वजन प्राप्त झाले, असे म्हणता येईल.

मर्यादा व समारोप

रोइडिस यांचा उपरोध सर्वत्र न्याय्य होता असे नाही. 1896 मध्ये त्यांनी स्त्रियांच्या लेखनावर उपहासात्मक टीका केली. स्त्रियांच्या वृत्तपत्राच्या संपादिका कालिरोई पारेन यांनी तिला जाहीर उत्तर दिले. रूढ कल्पनांच्या मूर्ती फोडणारा लेखक स्त्रीविषयक रूढीपुढे मात्र थांबला, हे या वादातून स्पष्ट होते.

जानेवारी 1904 मध्ये अथेन्स येथे त्यांचे निधन झाले. धर्मसत्ता, पक्ष व भाषा यांविषयी शंका घेण्याचा हक्क वाचकाला आहे, ही जाणीव रोइडिस यांच्या लेखनाने ग्रीक वृत्तपत्रसृष्टीत दृढ केली. त्यांचे अंतर्विरोध लक्षात घेऊनही हे योगदान महत्त्वाचे ठरते. किंबहुना टीकाकारही आपल्या काळाच्या बंधनांतून पूर्णपणे मुक्त नसतो, हे त्यांच्या चरित्रातून इतिहासाच्या अभ्यासकास उमगते.