फिलिपीन्समधील राजकीय घराणी
निर्वाचित सत्तापदे पिढ्यान्‌पिढ्या ठराविक कुटुंबांकडेच राहण्याची फिलिपीन्समधील प्रथा. तिचे मूळ स्पॅनिश अमदानीतील ‘प्रिन्सिपालिया’ या स्थानिक प्रतिष्ठितांच्या वर्गात आढळते. अमेरिकन अंमलाखाली १९०७ मध्ये पहिल्या विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा मताधिकार मालमत्ता, साक्षरता किंवा पूर्वी भूषविलेले पद यांवर अवलंबून होता. परिणामी मतपेटीने जुन्याच वर्गाच्या सत्तेस नवी मान्यता दिली.

फर्डिनंड मार्कोस यांनी १९७२ मध्ये लष्करी कायदा जारी करताना जुन्या धनाढ्य घराण्यांचे वर्चस्व मोडण्याची भाषा केली. तथापि १९७५ मध्ये त्यांच्या पत्नी इमेल्डा महानगर मॅनिलाच्या राज्यपाल झाल्या. १९८६ च्या जनउठावाने ही राजवट संपुष्टात आली. १९८७ च्या संविधानाने राजकीय घराण्यांस मनाई केली. मात्र त्यांची व्याख्या कायद्यावर सोपविली. हा कायदा करावयाचा तो काँग्रेसने, आणि तीत याच घराण्यांचा भरणा होता. पुढील तीन दशकांहून अधिक काळ सर्व पदांना लागू होणारा कायदा झाला नाही. प्रतिनिधिगृहाच्या व स्थानिक पदांसाठी घातलेली सलग तीन मुदतींची मर्यादाही अपुरी ठरली. पायउतार होणाऱ्याच्या जागी पत्नी वा मुले उभी राहू लागली. २०२२ मध्ये मार्कोस यांचे पुत्र राष्ट्राध्यक्ष, तर मावळते राष्ट्राध्यक्ष रोद्रिगो दुतेर्ते यांची कन्या उपराष्ट्राध्यक्ष झाली.

ही घराणी लोकमतानेच निवडून येतात. परंतु पक्ष दुर्बल आणि मतदार आश्रयावर अवलंबून असल्यास निवड उरते ती घराण्या-घराण्यांतीलच.