नव्याचा मान
संगणकाच्या पडद्यावर खिडक्या मांडणारी ‘एक्स’ ही व्यवस्था १९८४ सालीं अमेरिकेंतील एम. आय. टी. विद्यापीठांत जन्मली, तिची जागा घेण्यास २००८ सालीं ‘वेलँड’ पुढें आली. लिनक्स कुळांतील उबुंटूनें ऑक्टोबर २०१७ मध्यें वेलँडला पहिला मान दिला, आणि एप्रिल २०१८ च्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तींत तो परत घेतला. दूरच्यास आपला पडदा दाखविणें व बिघाडानंतर चालू काम न गमावतां सावरणें, हें जुनीलाच बरें साधत होतें. २०२१ सालीं बहुतेक यंत्रांवर वेलँडला तो मान पुन्हा लाभला. ही माघार आम्हांस नामुष्की वाटत नाहीं. न मागतां जें पुढ्यांत येतें, त्यावरच सामान्य माणूस विसंबतो; म्हणून नव्याची वेळ केवळ त्याच्या गुणांवरून नव्हे, तर जुन्याचें किती ओझें तें उचलतें, यावरून ठरवावी.