एका चित्रमालिकेची पाठशुद्धि

ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध करणें हें काम आपल्याकडे नवें नाहीं. शके १५०६ मध्यें एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शोधून शुद्ध केली आणि तींत पदरची ओवी घुसडणारास इशारा देऊन ठेविला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठीं १९१९ पासून १९६६ पर्यंत श्रम केले. त्याच दृष्टीनें आम्ही येथें एका जपानी चित्रमालिकेकडे पाहणार आहों. विषय कोणास पोरकट वाटेल. पण पाठ बिघडावयास ग्रंथ पवित्रच असावा लागतो असें नाहीं.

'ड्रॅगन बॉल' ही अकिरा तोरियामा ह्यांची चित्रकथा १९८४ पासून १९९५ पर्यंत एका जपानी साप्ताहिकांत क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचा मल्लविद्यानिपुण नायक गोकू ह्याचें नांव म्हणजे चिनी कथेंतील वानरवीर सुन वुकोंग ह्याच्याच नांवाचा जपानी उच्चार. तो वानर ज्या यात्रेकरूच्या संगतीनें पश्चिमेस निघाला, त्या पात्राच्या मुळाशीं असलेला ह्युएनत्संग दुसऱ्या पुलकेशीच्या काळीं महाराष्ट्रांत येऊन गेला होता, हें येथें सहज आठवतें. ह्या कथेचा उत्तरभाग 'ड्रॅगन बॉल झी' ह्या नांवानें २६ एप्रिल १९८९ पासून ३१ जानेवारी १९९६ पर्यंत दूरचित्रवाणीवर चालला. भाग एकंदर २९१. चित्रें हातानें रंगवून सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर घेतलेलीं, चौकट चारास तीन ह्या प्रमाणाची. नवल हें कीं, मालिका संपून सात वर्षें होईपर्यंत, म्हणजे २००३ पर्यंत, खुद्द जपानांत ती घरीं पाहण्यासाठीं समग्र मिळत नव्हती. त्या सालीं फिल्मवरून तयार केलेल्या डीव्हीडींच्या दोन पेट्या निघाल्या.

अमेरिकेंतील परंपरा अगदीं निराळी. तेथें १९९६ सालीं पहिल्या ६७ भागांचे कापून ५३ करण्यांत आले. कोणी मेला असें म्हणावयाचें नाहीं, तो दुसऱ्या मितींत गेला म्हणावयाचें! एके ठिकाणीं गोकू नरकांत पडतो. तेथील दोन राक्षसांच्या सदऱ्यांवर इंग्रजींत नरक ह्या अर्थाचा शब्द आहे. त्यांतील मधल्या दोन अक्षरांच्या जागीं दुसरीं दोन अक्षरें रंगवून त्या शब्दाचें एका निरर्थक संस्थेचें आद्याक्षरी नांव केलें गेलें. मृतांचा निवाडा करणारा एम्मा, म्हणजे आपला यमच, मात्र टेबलापुढें बसलेला तसाच राहिला. नरक चालत नाहीं पण यमराज चालतो, ह्या तर्काचें आम्हांस अद्याप हसूं येतें. पुढें शुन्सुके किकुची ह्यांचें संगीत काढून ब्रूस फॉल्कनर ह्यांचें घालण्यांत आलें. हा प्रक्षेप खरा. पण ज्या मुलांनीं तोच प्रथम ऐकिला त्यांस तोच मूळ वाटतो, आणि त्यांच्या प्रेमास खोटें म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

सर्वांत मोठी हानि मात्र शुद्धीकरणाच्या नांवाखालीं झाली. २००७ ते २००९ ह्या काळांत टेक्सासच्या फनिमेशन कंपनीनें संबंध मालिका नऊ संचांत काढिली. घरोघर तेव्हां रुंद पडदे येऊं लागले होते, आणि चौकोनी चित्राच्या दोहों बाजूंस राहणाऱ्या काळ्या पट्ट्या हें वैगुण्य मानलें जाई. म्हणून चित्र सोळास नऊ ह्या प्रमाणांत बसविलें. हिशेब सोपा आहे: रुंदी तीच ठेवून हें करावयाचें तर उंचीचा पाव हिस्सा जातो. कडांना थोडेंसें अधिक दिसलें हें खरें, परंतु जेथें चित्रकारानें मस्तक चौकटीच्या वरच्या कडेस टेकविलें होतें तेथें तें कापलें गेलें. शिवाय फिल्मचे कण पुसतांना शाईच्या बारीक रेघाही पुसट झाल्या. लेखनिकाच्या चुकीपेक्षां ही अधिक वाईट; लेखनिक निदान समास कापून टाकीत नाहीं.

जाणत्या प्रेक्षकांनीं ह्यावर तक्रार केली, आणि तिचा थोडा उपयोगही झाला. जपानी पेट्यांवरून केलेली सात भागांची आवृत्ति २००९ ते २०११ मध्यें अमेरिकेंत निघाली. २०११ च्या अखेरीस पूर्ण चौकटीची ब्लू-रे आवृत्तिही सुरू झाली, परंतु दोन खंडांनंतर काम थांबलें; आणि २०१३ पासून पुनः कापलेलेंच चित्र विक्रीस आलें! शुद्ध प्रत तयार करण्याचें ज्ञान हातीं असूनही ती टाकून देणें, हें आमच्या मतें अज्ञानापेक्षां अधिक दोषास्पद आहे. मालिकेच्या तिसाव्या वर्षीं, २०१९ सालीं, चारास तीन ही चौकट एका नव्या संचांत परत आली. फिल्मचे कण मात्र त्यांतही पुसलेलेच आहेत. ते पाहावयाचे तर २००३ च्या पेट्या किंवा त्यांवरील अमेरिकन आवृत्ति शोधावी लागते, आणि त्या दोन्ही आतां नव्यानें निघत नसल्यामुळें जुन्या मालाच्या बाजारांतच मिळतात.