नोंद हरवते तेव्हा

श्रोतेहो, सरकारदरबारी माणसाची ओळख कागदाने पटते, हे आपल्या पोंभुर्ण्याकडच्या माणसाला कुणी मुद्दाम शिकवायला नको. शेताचा सातबारा, मुलाचा जन्मदाखला, जातीचे प्रमाणपत्र, रेशनचे कार्ड आणि आता आधार, यांतले एक जरी कमी पडले तरी काम अडते. कागद आपल्या घरून हरवला तर दोष आपला. पण सरकारच्याच हातून आपली नोंद हरवली तर? त्या वेळी जाब कुणाला विचारायचा आणि भरपाई कोण करायची? हा प्रश्न आजचा वाटतो खरा, परंतु त्याची मुळे बरीच मागे जातात. आज त्याच मुळांविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत.

आधी घडलेली हकीकत सांगतो. आधार क्रमांक देण्याची सुरुवात आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी झाली. पुढे अडीच वर्षांनी, २०१३ च्या एप्रिल महिन्यात, बातमी आली की महाराष्ट्रातील सुमारे ३ लाख अर्जदारांची माहिती गहाळ झाली आहे. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान खात्याने ही गोष्ट मान्य केली. ही माहिती मुंबईहून बंगळूरच्या केंद्रीय भांडारात पाठवली जात होती. वाटेत ती साठवलेली तबकडी, म्हणजे हार्ड डिस्क, बिघडली आणि बंगळूरला पोहोचलेला मजकूर उलगडेना. त्यात पॅन क्रमांक होते, बोटांचे ठसे होते. बहुतेक अर्जदार मुंबईचे होते, असे त्या वेळच्या बातम्यांत आले. मजकूर सांकेतिक लिपीत बंद असल्याने त्याचा कुणाला गैरवापर करता येणार नाही, असा दिलासा अधिकाऱ्यांनी दिला. तथापि लोकांच्या मनातली धास्ती तेवढ्याने गेली नाही.

ह्या धास्तीचे दोन भाग आहेत. ते वेगळे करून पाहिले पाहिजेत. नोंद नाहीशी झाली तर आपला हक्क बुडेल, ही एक भीती. नोंद परक्याच्या हाती पडली तर तो आपल्याला लुबाडेल किंवा छळेल, ही दुसरी. पहिली भीती आपल्या भागाला फार जुनी ओळखीची आहे, तिच्यापासून आरंभ करू.

१८५३ साली नागपूरच्या भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि चांद्याचा मुलूख त्यांच्या अमलाखाली आला. पुढे जमिनीचा बंदोबस्त झाला. मालगुजार नेमले गेले आणि पटवाऱ्याच्या दप्तरात शेतांची मोजणी, कुळांची नावे व सारा यांची नोंद होऊ लागली. गावाच्या चालीरीती आणि हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या लेखात उतरले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, त्यानंतर रानातून लाकूड, बांबू, चारा आणण्याचे गावाचे हक्क निस्तारपत्रकात लिहिले गेले. ज्या गावाचे निस्तारपत्रक सापडते, त्या गावाला जंगल खात्यापुढे मान वर करून बोलता येते. ज्याचे सापडत नाही, त्याला आपल्याच रानात चोरासारखे शिरावे लागते. एका कागदाने असा फरक पडतो.

ह्याहून जिव्हाळ्याचे दप्तर म्हणजे कोतवाल बुक. मध्यप्रांतात गावच्या कोतवालाकडे जन्ममृत्यूची वर्दी देण्याचे काम असे. मूल कुणाला झाले, बापाचे नाव काय, जात कोणती, तारीख कोणती, एवढे त्या वहीत उतरत असे. मुलाचे नाव पुष्कळदा नसायचेच, कारण वर्दी गेली तेव्हा बारसे कुठे झाले होते? नुसते ‘मुलगा झाला’ किंवा ‘मुलगी झाली’ इतकेच. लिहिणाऱ्याला काय कल्पना की हीच ओळ पुढे नातवाच्या शिक्षणाचा आधार होणार आहे! अनुसूचित जातींचा आदेश १० ऑगस्ट १९५० रोजी निघाला आणि अनुसूचित जमातींचा ६ सप्टेंबर १९५० रोजी. त्यामुळे जातीची पडताळणी करताना त्यापूर्वीच्या, विशेषतः स्वातंत्र्यापूर्वीच्या नोंदीला मोठे वजन येते. आज चंद्रपूर-गडचिरोलीतली मुले वैद्यकीला किंवा अभियांत्रिकीला प्रवेश घेताना पणजोबाच्या नावाची कोतवाल बुकाची नक्कल शोधत फिरतात. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा निघाला, त्यामुळे जुना कागद ह्या कचेरीत की त्या कचेरीत, हाही शोध त्यात आला. वाळवी लागलेले एक पान, ओल लागून पुसलेली एक ओळ, आणि हुशार मुलाचे वर्ष वाया जाते.

शिक्षक मंडळींना हे अधिक सांगायला नको, कारण कोतवाल बुकाच्या खालोखाल पुरावा म्हणून ज्याची मागणी होते ते शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर त्यांच्याच कपाटात असते.

आता आग म्हटली की तिला थोर कचेरी आणि लहान कचेरी असा भेद नाही. २१ जून २०१२ रोजी मुंबईत खुद्द मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यापासून वरचे मजले जळाले, माणसे दगावली आणि फायलींचे ढीग राख झाले. आयर्लंडात ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनचे अभिलेखागार उडाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील शिरगणतीची बहुतेक पाने नष्ट झाली. आपले पूर्वज शोधणारे आयरिश लोक आजही त्या दिवसाला बोल लावतात.

दुसऱ्या भीतीकडे वळू. कागद जळाल्याचे नेहमी दुःखच होते असे नाही, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. पुणे व नगर जिल्ह्यांत हा उठाव पसरला. त्या लोकांचा रोख मुख्यतः खते आणि रोखे यांच्यावर होता. ते हिसकावून घेऊन त्यांची होळी करण्यात आली. का? कारण तो कागद शेतकऱ्याविषयी होता, पण शेतकऱ्याच्या ताब्यात नव्हता. त्यावर त्याचा अंगठा होता, मात्र काय लिहिले ते त्याला वाचता येत नव्हते. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षणाचा कायदा झाला, त्याच्या मुळाशी हीच होळी होती.

दुसरे उदाहरण ह्याहून भयंकर आहे. दुसऱ्या महायुद्धात हॉलंड देश जर्मनांच्या ताब्यात गेला. तिथली लोकसंख्येची नोंदवही फार नीटनेटकी होती. प्रत्येकाचे नाव, पत्ता, धर्म, सगळे कार्डावर. शांततेच्या काळात ज्या वहीचा अभिमान वाटावा, तीच वही ज्यू माणसांना घराघरांतून हुडकून काढायला कामी आली. म्हणून २७ मार्च १९४३ च्या रात्री काही देशभक्त पोलिसांच्या वेषात ॲम्स्टरडॅमच्या नोंदणी कचेरीत शिरले आणि त्यांनी कार्डांना आग लावली. थोडाच भाग जळाला. पकडल्या गेलेल्यांपैकी बारा जणांना गोळ्या घातल्या गेल्या. वही करणारे सरकार चांगले होते, परंतु वहीचा मालक बदलला, एवढ्यानेच घात झाला.

आपल्या देशाने ह्याचा विचार अगदीच केला नाही असे नाही. १९४८ च्या जनगणना कायद्यात एक फार शहाणे कलम आहे. शिरगणतीत एखाद्या माणसाने दिलेली माहिती कुणाला पाहता येत नाही आणि ती त्याच्याविरुद्ध कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. ‘तू खरे सांग, मी ते दुसऱ्याला सांगणार नाही’ असा तो राज्याने रयतेला दिलेला शब्द आहे. गुरुजी लोक दारोदार जाऊन गणती करतात आणि लोक त्यांना खरे सांगतात, ते ह्याच विश्वासावर.

आता यंत्रयुगाकडे या. जुने दप्तर हरवायचे तर गाडाभर हरवावे लागे. आज लाखो माणसे खिशात मावतात. २००७ च्या ऑक्टोबरात ब्रिटनच्या महसूल खात्याने बालभत्त्याची सगळी माहिती दोन तबकड्यांवर उतरवून लंडनच्या लेखापरीक्षण कचेरीकडे साध्या टपालाने धाडली. त्या पोहोचल्याच नाहीत. अडीच कोटी लोकांची नावे, पत्ते, जन्मतारखा आणि बँकेचे खाते क्रमांक त्यांत होते. २० नोव्हेंबर रोजी अर्थमंत्री ॲलिस्टर डार्लिंग यांना पार्लमेंटात उभे राहून हे कबूल करावे लागले आणि महसूल खात्याच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. त्याच सुमारास तिथे राष्ट्रीय ओळखपत्राची योजना चालू होती. तिच्याविषयी आधीच असलेला संशय ह्या प्रकाराने वाढला. पुढे नव्या सरकारने २०१० मध्ये कायदा करून ती योजना रद्द केली, आणि २०११ च्या फेब्रुवारीत तिच्या नोंदी साठवलेल्या तबकड्यांचा चुरा केला. योगायोग बघा, तिथे ओळखपत्र मोडीत निघाले त्याच वर्षी टेंभलीला आपले आधार सुरू झाले.

महाराष्ट्रातील २०१३ च्या घटनेत आणि ब्रिटनमधल्या घटनेत एक मोठा फरक आहे. आपल्याकडचा मजकूर कुलूपबंद होता, तेव्हा तो परक्याने वाचल्याची भीती कमी. हे खरेच चांगले झाले, ते मान्य केले पाहिजे. पण कोणत्या ३ लाखांची माहिती गेली हे त्या माणसाला कसे कळावे? कार्ड येईल, कार्ड येईल, म्हणून वाट पाहायची आणि न आल्यावर पुन्हा रांगेत उभे राहायचे, याखेरीज त्याच्यापुढे काय होते? गेलेली मजुरी कोण देणार? आणि त्या वेळी आधारसाठी संसदेचा कायदाच झालेला नव्हता. प्राधिकरण २००९ मध्ये स्थापन झाले, कायदा आला तो २०१६ मध्ये. म्हणजे आधी ठसे घेतले आणि जबाबदारी मागून लिहिली.

त्यानंतर मात्र बरेच घडले. कर्नाटकातील निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये नेलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निकाल दिला की खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने आधार टिकले, पण त्याच्या वापराला कुंपण पडले. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला, २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास दीड वर्षाची मुदत ठेवली गेली. माहिती फुटली किंवा गहाळ झाली तर ज्याची त्याला कळवावे, असे हा कायदा म्हणतो. हयगय करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. तथापि दोन गोष्टी ध्यानात ठेवा. दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते, ज्याचे नुकसान झाले त्याच्या हाती पडत नाही. आणि सरकारला आपल्याच खात्यांना ह्या कायद्यातून सूट देण्याची मुभा आहे. घरमालकानेच घराला कुलूप लावावे आणि किल्लीही स्वतःच ठेवावी, असा हा प्रकार होतो.

आपल्या रानाच्या मुलखात ह्यात आणखी एक अडचण आहे. पूर्वी ‘निशाणी डावा अंगठा’ म्हटले की साक्षीदार बाजूला उभा असे, तो सांगे की हा अमक्याचाच अंगठा. आता साक्षीदार गेला, यंत्र आले. बांबू तोडून, तेंदूपाने खुडून, चिखलणी करून झिजलेले बोट यंत्राला ओळखता आले नाही, तर धान्याची पिशवी रिकामी परत येते. माणूस समोर उभा आहे, दुकानदार त्याला लहानपणापासून ओळखतो, तरी नोंद जुळत नाही म्हणून तो जणू नाहीच.

ह्यावर उपाय काय, याचे उत्तर आपल्याच एका कायद्यात थोडेसे सापडते. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत, कागद नसेल तर गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदन पुरावा म्हणून चालते. जुनी विहीर, बांध, स्मशान, देवस्थान ह्यांचीही साक्ष चालते. कागद हरवू शकतो हे गृहीत धरून केलेला हा कायदा आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये ह्याच कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. जिथे जिथे यंत्राची नोंद सक्तीची होते, तिथे तिथे अशी माणसाच्या साक्षीची मागची वाट मोकळी ठेवली पाहिजे. तशी मागणी ग्रामसभेने ठराव करून केली पाहिजे.

शेवटी हातात असलेल्या गोष्टी सांगतो. आधारची नोंदणी किंवा दुरुस्ती केली की पावती जपून ठेवा, तिच्यावरचा क्रमांक हाच तुमचा पुरावा. आपल्या घरच्या कोतवाल बुकाची, दाखल-खारीजची प्रमाणित नक्कल आजच काढून ठेवा, मुलगा बारावीला जाईपर्यंत थांबू नका. बोटांच्या ठशांना कुलूप घालण्याची सोय प्राधिकरणाने दिली आहे, ती जाणत्याकडून समजून घ्या. आणि गुरुजनहो, विद्यार्थ्यांच्या आधार क्रमांकांची यादी भिंतीवर लावू नका, मोबाईलच्या गटावर टाकू नका. जुन्या रजिस्टराची पाने वाळवीपासून राखा. गावच्या शंभर वर्षांचा इतिहास त्या कपाटात आहे, आणि उद्या दार ठोठावणाऱ्या पोराचे भवितव्यही तिथेच आहे.