बाइकचा पेट्रोल फिल्टर टाकीबाहेर काढावा का?

रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघालेली बाइक आंबा घाटाच्या चढावर गचके द्यायला लागली आणि सपाटीला आल्यावर पुन्हा सुरळीत धावू लागली, तर आधी पेट्रोल फिल्टर तपासावा. चढावर इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं आणि तुंबलेला फिल्टर ते पुरेसं सोडत नाही.

कोकणात याला निमित्तं भरपूर. पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभी राहिलेली गाडी, दमट हवा, टाकीत आतून धरलेला गंज. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं.

मग वाटतं, फिल्टर टाकीबाहेर आणला तर दर वेळी टाकी उतरवायला नको! खरं आहे, पण ते गाडीवर अवलंबून आहे.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली येतं. टाकीच्या कॉकला आत जाळी असते. कॉक आणि कार्ब्युरेटर यांच्यामधल्या पाइपात छोटा फिल्टर बसवणं हे सोपं आणि स्वस्त काम आहे. फिल्टरवरचा बाण कार्ब्युरेटरकडे हवा, पाइपाला मध्ये वर चढलेला बाक नको आणि तो सिलिंडरला टेकता कामा नये. झालं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि जवळपास सगळ्या नव्या बाइक फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. इथे पंप टाकीच्या आत असतो आणि बहुतेक गाड्यांत फिल्टर त्याच्याच जोडीला असतो. पंप साधारण ३ बार दाबाने पेट्रोल ढकलतो. कार्ब्युरेटरच्या पाइपातल्या दाबाच्या हा शंभरपट तरी आहे. तिथे प्लास्टिकचा साधा फिल्टर आणि साधी क्लिप लावली, तर पेट्रोल नुसतं गळत नाही, फवारा उडतो, तोही तापलेल्या इंजिनावर.

तरी हे काम करणारे आहेत. बीएमडब्ल्यूच्या जुन्या आर-११०० आणि आर-११५० गाड्यांचा फिल्टर टाकीत असतो, तो बाहेर काढण्याची पद्धत त्यांच्या मालकांमध्ये बरीच रुळली आहे. तिथे दाब सांभाळणारा रेग्युलेटर मुळातच टाकीबाहेर आहे. आपल्याकडच्या बऱ्याच बाइकमध्ये तो पंपाच्या जोडणीतच असतो, त्यामुळे तीच युक्ती जशीच्या तशी चालत नाही.

एक गोष्ट हमखास चुकते. फिल्टर काढल्यावर टाकीच्या आत त्याच्या जागी पाइपाचा तुकडा लागतो. तो आतून-बाहेरून पेट्रोलात बुडलेला राहतो. बाहेरच्या वापराचा चांगला इंजेक्शन पाइपही तिथे फुगून मऊ पडू शकतो. बुडून राहण्यासाठी ‘एसएई जे-३० आर-१०’ दर्जाचा पाइप असतो, बाहेर ‘आर-९’ चालतो.

आणि टाकीच गंजली असेल तर फिल्टर बाहेर नेऊन पंप वाचत नाही. गंज आधी पंपाकडे जातो, फिल्टर त्याच्या पुढे असतो. पंपाच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते, तेवढाच आधार. अशा वेळी टाकी साफ करून घेणं आणि नवा फिल्टर मूळ जागीच बसवणं जास्त शहाणपणाचं. वॉरंटीतल्या गाडीला तर हात लावूच नये.

काम कुठेही केलं तरी टाकी बसवल्यावर चावी फिरवावी, पण इंजिन सुरू करू नये. पंप दोन-तीन सेकंद घरघरतो. त्यानंतर प्रत्येक जोडावरून कोरडा कागद फिरवून पाहावा. ओला झाला, तर चावी बंद!