परक्या हातांत वाढलेली पात्रे : लेन वीन आणि सुपरहिरोंचे सामायिक विश्व

१९८३ साली अमेरिकेतून इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टन या गावी एक दूरध्वनी गेला. पलीकडे ॲलन मूर नावाचा तिशीच्या उंबरठ्यावरचा लेखक होता. डीसी कॉमिक्सचे संपादक आपल्याशी बोलत आहेत यावर त्याचा विश्वासच बसेना. कोणीतरी मित्र आवाज बदलून थट्टा करीत आहे, असे त्याला वाटले.

थट्टा नव्हती. बोलणारे खरोखरच संपादक लेन वीन होते. ज्या मालिकेसाठी ते लेखक शोधत होते, ती अखेरच्या घटका मोजत होती. आणि त्या मालिकेचा नायक हे खुद्द वीन यांनीच बारा वर्षांपूर्वी निर्माण केलेले पात्र होते.

स्वतःचे अपत्य त्यांनी दुसऱ्याच्या ओटीत घातले. त्या दुसऱ्याने त्याचे कूळ-मूळच बदलून टाकले, आणि तो बदल वीन यांनी संपादक म्हणून छापायला पाठवला. सुपरहिरो कॉमिक्सच्या इतिहासात एकाचे पात्र दुसऱ्याने वाढवल्याची उदाहरणे शेकड्यांनी सापडतात. परंतु वीन यांच्या आयुष्यात या व्यवहाराच्या दोन्ही बाजू इतक्या स्पष्ट दिसतात, तितक्या क्वचितच कोणाच्या आयुष्यात दिसतील.

प्रथम ही व्यवस्था समजून घ्यावी लागते. डीसी आणि मार्व्हल या दोन्ही कंपन्यांनी आपापल्या नायकांना एकाच जगात वसवले. एका मालिकेतील नायक दुसरीत पाहुणा म्हणून येतो, एकीकडे पडलेल्या इमारतीचा ढिगारा दुसरीकडे दिसू शकतो. लेखक-चित्रकार येतात, दोन-चार वर्षे लिहितात-रेखाटतात, निघून जातात. पात्र मात्र थांबत नाही. लेखकावर बंधन एकच, पण मोठे: जे छापले गेले, ते घडले. आधीच्या लेखकाचे लिखाण आवडो वा न आवडो, ते त्या जगाचा इतिहास ठरते.

मालकीचा प्रश्न तर पहिल्याच दिवशी निकालात निघाला होता. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅनचे सर्व हक्क १३० डॉलरला लिहून दिले. पुढे हाच शिरस्ता पडला. 'कसेल त्याची जमीन' हा न्याय येथे कधीच लागू झाला नाही. कसणारे हात बदलत राहिले, सातबारा कंपनीच्या नावे राहिला.

आता 'स्वॉम्प थिंग', म्हणजे दलदलीतला तो जीव. १९७१ साली 'हाउस ऑफ सीक्रेट्स' या भयकथांच्या नियतकालिकाच्या ९२ व्या अंकात वीन आणि चित्रकार बर्नी राइट्सन यांनी एक छोटी कथा दिली. ती लोकप्रिय झाली, म्हणून १९७२ मध्ये स्वतंत्र मालिका निघाली. ॲलेक हॉलंड हा शास्त्रज्ञ वनस्पतींची वाढ झपाट्याने घडवणाऱ्या रसायनावर संशोधन करीत असतो. प्रयोगशाळेत स्फोट होतो, पेटलेल्या अंगाने तो दलदलीत उडी घेतो, आणि तेथून उठतो तो शेवाळ-मुळ्यांचा एक अक्राळविक्राळ देह. या देहाची धडपड एकच: पुन्हा माणूस होणे. (गंमत अशी की, त्याच सुमारास मार्व्हलने 'मॅन-थिंग' नावाचा असाच दलदलीतला प्राणी आणला, आणि त्याच्या जन्मकथेचे एक लेखक जेरी कॉनवे हे वीन यांच्याच खोलीत भागीदार होते. कोणी कोणाचे उचलले, हा वाद रसिक आजही रंगवतात.)

मालिका १९७६ मध्ये बंद पडली. १९८२ च्या चित्रपटानिमित्त ती पुन्हा सुरू झाली, मार्टिन पॅस्को यांनी ती लिहिली, पण वाचक जमेनात. अडचण मूळ कल्पनेतच होती. हॉलंड माणूस झाला तर मालिका संपते. होत नाही हे वाचकाला ठाऊक असेल, तर प्रत्येक अंकातील आशा खोटी ठरते.

मूर यांनी विसाव्या अंकात आधीचे सुटे धागे आवरले आणि एकविसाव्या अंकात, म्हणजे फेब्रुवारी १९८४ च्या 'दि ॲनाटॉमी लेसन' या कथेत, घाव घातला. चित्रे स्टीव्हन बिसेट आणि जॉन टॉटलबेन यांची होती. गोळ्या झाडून मारलेला, गोठवून ठेवलेला स्वॉम्प थिंगचा देह एका श्रीमंत उद्योजकाच्या इमारतीत आणला जातो. जेसन वुडरू नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचे शवविच्छेदन करतो. आत फुप्फुसे आहेत, पण ती श्वास घेऊ शकत नाहीत. मेंदूसारखे काही आहे, पण ते विचार करू शकत नाही. अवयव केवळ नकला आहेत. मग या देहाला त्यांची गरज काय होती?

वुडरू चपट्या कृमींवरील एका प्रयोगाचा दाखला देतो. वाट शिकवलेल्या कृमीचे तुकडे इतर कृमींना खाऊ घातले, तर त्यांनाही ती वाट येते, असे तेव्हा सांगितले जात असे. (या प्रयोगाच्या निष्कर्षांबद्दल शास्त्रज्ञांनी पुढे गंभीर शंका घेतल्या, पण कथेला तेवढा आधार पुरला.) दलदलीतील वनस्पतींनी मृत हॉलंडला असेच पचवले आणि त्याच्या आठवणीही पचवल्या. म्हणजे माणसाची वनस्पती झालेलीच नाही. ती वनस्पतीच होती, स्वतःला माणूस समजणारी. ॲलेक हॉलंड त्या पहिल्या रात्रीच मेला होता.

येथे मूर यांचे कसब नीट पाहण्याजोगे आहे. वीन यांनी लिहिलेली एकही घटना त्यांनी खोटी ठरवली नाही. स्फोट झाला होता, देह दलदलीतून उठला होता, त्याने माणूस होण्यासाठी धडपड केली होती. इतिहास तसाच राहिला. बदलला तो त्याचा अर्थ. आधीच्या लेखकाला न खोडता त्याच्या लेखनाखाली दुसरा मजला खणावा, तसे हे काम आहे. मराठी वाचकाला ही रीत अगदीच अनोळखी नाही. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) कर्णाचा शेवट महाभारतातलाच राहिला, त्याच्याकडे पाहण्याची जागा तेवढी बदलली. फरक एवढाच की व्यासांच्या कर्णाचा सातबारा कोणाच्याच नावे नाही.

शिवाय तो शवविच्छेदक वुडरूही मूर यांचा नव्हे. १९६२ मध्ये गार्डनर फॉक्स आणि गिल केन यांनी 'दि ॲटम' या मालिकेसाठी निर्माण केलेला तो एक दुय्यम खलनायक होता. वीस वर्षांनी तो परक्या मालिकेत आला आणि तेथे पहिल्यांदा खरोखर भीतिदायक झाला. सामायिक विश्वाचा खरा लाभ हाच: अडगळीत पडलेले पात्र कोणाच्या तरी हाताला लागते.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. मालिका सावरली. वीन यांच्यानंतर संपादक झालेल्या कॅरन बर्जर यांनी ती जपली. एकोणतिसाव्या अंकाला कॉमिक्स कोडच्या परीक्षकांनी संमती नाकारली, तेव्हा डीसीने तो अंक त्या शिक्क्याविनाच काढला. प्रौढ वाचकांसाठीची 'व्हर्टिगो' ही शाखा बर्जर यांच्याच देखरेखीखाली १९९३ मध्ये निघाली, तिची मुळे येथे आहेत.

हे एकच पात्र वीन यांच्या हातून असे निसटले असते, तर तो योगायोग म्हणता आला असता. पण १९७४ साली मार्व्हलमध्ये असताना त्यांनी 'हल्क'च्या मालिकेत एक कॅनेडियन लढवय्या आणला होता. कॅनेडियन नायकाची कल्पना संपादक रॉय थॉमस यांची, वेशभूषा जॉन रोमिटा यांची, अंकातील रेखाटन हर्ब ट्रिम्पी यांचे, लेखन वीन यांचे. त्याचे नाव वुल्व्हरिन. पुढच्याच वर्षी वीन आणि डेव्ह कॉक्रम यांनी 'जायंट-साइझ एक्स-मेन' या अंकात मृतप्राय एक्स-मेन पथकाची नव्याने उभारणी केली. वुल्व्हरिनला त्यात घेतले. स्टॉर्म, नाइटक्रॉलर, कोलॉसस हे नवे सवंगडी दिले. आणि मग कामाच्या ओझ्यामुळे वीन यांनी ही मालिका क्रिस क्लेअरमाँट या तरुण सहकाऱ्याच्या हाती सोपवली.

क्लेअरमाँट यांनी ती १९७५ ते १९९१ अशी सोळा वर्षे लिहिली. सुरुवातीच्या अंकांत वुल्व्हरिनची धातूची नखे हातमोज्यांचा भाग वाटत. १९७६ मध्ये, ९८ व्या अंकात, ती त्याच्या देहातूनच बाहेर येतात असे दाखवले गेले. एका तपशिलाने पात्र बदलले: हत्यार बाळगणारा माणूस आणि स्वतःच हत्यार बनलेला माणूस यांत अंतर आहे. कॅनडात वाढलेले चित्रकार जॉन बर्न यांनी आपल्या देशाचा हा गडी मागे पडू दिला नाही. १९८२ मध्ये क्लेअरमाँट आणि फ्रँक मिलर यांनी चार अंकांच्या मालिकेत त्याला जपानला नेले आणि त्याच्यातील पशू व योद्धा यांचा झगडा मांडला. आज जगाला माहीत असलेला वुल्व्हरिन बव्हंशी या नंतरच्या हातांनी घडवला आहे.

परंतु क्लेअरमाँट हेही केवळ कूळच होते. १९८० मध्ये त्यांनी आणि बर्न यांनी जीन ग्रे या नायिकेचा मृत्यू दाखवला. मुख्य संपादक जिम शूटर यांच्या आग्रहाने लादला गेलेला तो शेवट पुढे अजरामर ठरला. १९८६ मध्ये 'एक्स-फॅक्टर' ही नवी मालिका काढण्यासाठी कंपनीने जीनला परत आणले, आणि तेही क्लेअरमाँट यांच्या इच्छेविरुद्ध. ज्या नियमाने त्यांना दुसऱ्याच्या पात्रावर हक्क दिला, त्याच नियमाने त्यांच्या कथेचा सर्वांत मोठा क्षण पुसून टाकला.

मूर यांच्या वाट्यालाही तेच आले. डीसीने चार्लटन या प्रकाशनाचे नायक विकत घेतले होते, आणि मूर यांनी त्यांच्यावर एक कथा योजली. ज्येष्ठ संपादक डिक जॉर्डानो यांनी पूर्वी चार्लटनमध्ये याच नायकांचे संपादन केले होते. या कथेनंतर ते नायक वापरण्याजोगे उरणार नाहीत, हे ओळखून त्यांनी नवी पात्रे घडवायला सांगितले. त्यातून १९८६ मध्ये डेव्ह गिबन्स यांच्या चित्रांसह 'वॉचमेन' आले. त्याचे पहिले संपादकही लेन वीनच; शेवटाबाबत मतभेद झाल्यावर ते बाजूला झाले. करार असा होता की पुस्तक ठरावीक काळ छपाईबाहेर राहिले, तर हक्क मूर आणि गिबन्स यांच्याकडे परत येतील. पुस्तक इतके खपले की ते कधी छपाईबाहेर गेलेच नाही. यश हाच सापळा ठरला. मूर यांनी डीसीशी संबंध तोडले.

आणि २०१२ साली डीसीने 'बिफोर वॉचमेन' या नावाने त्या पात्रांच्या पूर्वकथा काढल्या. मूर यांनी जाहीर विरोध केला. त्यातील 'ओझिमँडियास' ही मालिका ज्यांनी लिहिली, त्यांचे नाव लेन वीन.

या दोन कृत्यांत कायद्याच्या दृष्टीने तसूभरही फरक नाही. दोन्ही वेळा मालक कंपनीच होती. तरीही १९८३ चा दूरध्वनी आणि २०१२ चे लेखन एकाच तराजूत घालता येत नाही. पहिल्या वेळी निर्मात्याने स्वतः दार उघडले होते. दुसऱ्या वेळी निर्माता दारात उभा राहून नको म्हणत होता. वीन यांच्याकडून अधिक अपेक्षा ठेवावी, असे त्यांचेच पूर्वचरित्र सांगते. अर्थात मूर यांचा पदरही अगदी कोरा नाही. चार्लटनच्या ज्या नायकांवर त्यांची मूळ योजना होती, त्यांतील क्वेश्चनसारखी पात्रे स्टीव्ह डिटको यांनी घडवलेली होती. शिवाय जॉन कॉन्स्टंटाइन हे मूर यांनी १९८५ मध्ये 'स्वॉम्प थिंग'मध्येच आणलेले पात्र १९८८ पासून जेमी डेलानो यांनी 'हेलब्लेझर'मध्ये फुलवले, आणि ते फुलणे अस्सल होते.

उरला पैशाचा हिशेब. १९७९ च्या 'बॅटमॅन'च्या ३०७ व्या अंकात वीन यांनी चित्रकार जॉन कॅलनन यांच्यासह ल्यूशियस फॉक्स हा ब्रूस वेनचा व्यवसाय सांभाळणारा अधिकारी आणला. ना मुखवटा, ना शक्ती. पुढे २००५ पासूनच्या चित्रपटांत मॉर्गन फ्रीमन यांनी ती भूमिका केली. निर्मात्यांना वाटा देण्याची तरतूद डीसीत होती, म्हणून वीन यांना मोबदला मिळत गेला. जगभर चित्रपट गाजवणाऱ्या वुल्व्हरिनपेक्षा या कोटवाल्या अधिकाऱ्याने आपल्याला अधिक मिळवून दिले, असे ते उघडपणे सांगत.

२०१६ मध्ये डीसीने त्यांना पुन्हा दलदलीत बोलावले. केली जोन्स यांच्या चित्रांसह त्यांनी 'स्वॉम्प थिंग'ची सहा अंकांची मालिका लिहिली. राइट्सनसोबतच्या पहिल्या छोट्या कथेला तेव्हा ४५ वर्षे झाली होती. मार्च २०१७ मध्ये राइट्सन गेले. त्याच महिन्यात वुल्व्हरिनच्या अखेरीचा 'लोगन' हा चित्रपट झळकला. १० सप्टेंबर २०१७ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी, वीन यांचे निधन झाले. दोन्ही पात्रांच्या नव्या कथा त्यानंतरही निघत राहिल्या.